दसऱ्याला पुजलेला कागद

घाडीगावकरांच्या घरात दर दसऱ्याला पुजला जाणारा मोडी कागद घेऊन वनमाला विक्रोळीच्या शिबिरात नाचतच पोचली. इनामाची सनद आहे म्हणून तिने चाळभर सांगून ठेवलं होतं. सरकारी दप्तरखान्याचे परुळेकर तिथे घरोघरचे जुने कागद वाचून देत होते.

त्यांनी वरचं कुंकू झटकून वाचलं. "कबुलीजबाब आहे. झिलू घाडीगावकराने दाजी परुळेकराचा कोंबडा चोरून, रस्सा करून खाल्ला."

"अगे बाय माझे! दाजी तुमचे कोण?"

"खापरपणजोबा."

वनमालाला हसू आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "मगे रविवारी घराक येवा. वडे-सागोती करतंय."

परुळेकरांनी चष्मा सारखा केला. "येतंय. पण कोंबडोच व्हयो हां, कोंबडी चालाची नाय!"