उसनी शीळ

मिरान पाण्यावर आली आणि तिनं शीळ घातली. कोंडलेला दम सोडायची शीळ, तिची स्वतःची, बारीक आणि उंच. मग बाकीच्या बायकांकडे पाठ करून तिनं दुसरी घातली, खालच्या पट्टीतली, शेवटाला जराशी वर जाणारी. ही तिच्या सासूची.

आठ दिवस हे सोंग चाललं होतं. सासू, मालसून, कातळावरून घसरली आणि डावीकडची बरगडी पिचली. छाती पुरती फुगेना, शीळ फाटायला लागली. कोरियातल्या जेजू बेटावरच्या, शंखांसाठी बुडी मारणाऱ्या बायका समुद्रात एकमेकींना बघत नाहीत, ऐकतात. फाटकी शीळ कानावर आली की म्होरकी दोक्सिल त्या बाईला आल्या पावली घरी धाडते.

"घरी बसून काय माशा मारू?" मालसून म्हणाली होती. "माझी शीळ तू घाल. मी आपली गुपचूप येईन वर."

साठ वर्षं समुद्रात काढलेली बाई; सुनेनं ऐकलं.

मिराननं वळून पाहिलं. सासूचा नारंगी बोया एकटाच डुलत होता. सवयीनं, न बघताच ती शीळ घालून मोकळी झाली होती. सासू वर आलीच नव्हती.

मिरान बुडी मारण्याआधीच मालसून खाली गेली होती. मिराननं तळ गाठला, दोन शंख सोडवले, परत आली. दुखऱ्या बरगडीच्या बाईला इतका दम कुठला पुरायला? आजूबाजूला बायकांच्या शिळा निवांत चालल्या होत्या. कुणाला कसली काळजी? मालसूनची शीळ सगळ्यांनी आत्ताच ऐकली होती.

ओरडावं तर सासूचं बिंग फुटणार. मिरान क्षणभर थांबली. थांबली, हे खरं आहे.

"मावशी! आई वर आली नाही!"

"शुद्धीवर आहेस ना?" दोक्सिल हसली. "आत्ता तर तिची शीळ ऐकली मी."

"ती मी घातली!"

दोक्सिलचा चेहरा उतरला. ती पाण्याखाली गेली. मिरान तिच्यामागे जायला निघाली, पण श्वास काही आत जाईना. भीतीनं तिच्याच बरगड्या आवळून धरल्या होत्या.

दोक्सिलनं मालसूनला वर आणलं, बोयावर पालथी टाकली आणि पाठीत धपके घातले. पाणी पडलं. काळ्या रबरी कपड्याखाली श्वासानं पाठीची उजवी बाजू उचलली गेली, डावी तशीच राहिली. मग तीही हलली आणि घशातून एक चिरकी, तुटकी शीळ बाहेर आली. बायकांनी माना वळवल्या. ती कुणाची, हे एकीलाही ओळखू आलं नाही.

"आई, माझं चुकलं," मिरान रडत होती. "मी न बघताच..."

मालसूननं डोळे उघडले.

"दम संपत आला होता गं. तेवढ्यात वरून माझी शीळ ऐकू आली. म्हटलं, पोचले बाई एकदाची." तिनं श्वास ओढला आणि कळवळली. "म्हणून तोंड उघडलं."