स्वयंपाकघराला खिडकी हवी

"स्वयंपाकघराला खिडकी हवीच," बाबा फोनवर सांगत होते. "तिला धूर सोसत नाही. आणि न्हाणीघरात टब. छोटा चालेल, पण टबच हवा."

रविवारची सकाळ होती. वरच्या बंकवर लोळत पडलेल्या वाय-समनं कान टवकारले. दोनशे चाळीस फुटांच्या घरात खाजगी बोलायला जागा नसते. शाम शुई पो वस्तीतल्या इमारतीच्या त्या आठव्या मजल्यावर बापलेकीमधला आडोसा म्हणजे एक पडदा.

"घराचं काम काढताय?" तिनं वरूनच विचारलं.

"आपल्या नाही."

"मग कुणाच्या?"

"झोप तू. सुट्टी आहे ना?"

आईला जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते. बाबांनी जन्मभर मिनीबस चालवली. घरात एक खिळा ठोकायचा तर आईला दहादा मागं लागावं लागे. आता निवृत्तीत त्यांना एकदम सजावटीचं खूळ लागलं होतं. छोट्या घरांची मासिकं आणून ते कात्रीनं चित्रं कापत बसत. भिंतीत मिटणारं टेबल, पायऱ्यांच्या पोटातले कप्पे, खोली दुप्पट दिसावी म्हणून समोरासमोर आरसे. आणि दिवसाआड माक सिफूला फोन. सुतार असो की प्लंबर, कारागीर म्हटला की सगळे त्याला सिफूच म्हणतात.

शेजारच्या लेउंग मावशींनी तर जिन्यातच गाठलं. "तुझा बाप नवरदेवासारखा लगबगीनं हिंडतोय गं! सामान बांधून ठेव आपलं."

वाय-सम हसली, पण ते तिला फार लागलं. औषधाच्या दुकानातल्या पगारात या शहरात तिला कुणी कोनाडाही भाड्यानं दिला नसता. पण खरं दुखणं ते नव्हतं. आईला इतक्या लवकर कुणी विसरू शकतं, हे तिला सहन होत नव्हतं.

त्या रात्री जेवताना तिनं विषय काढलाच. "एवढी हौस आहे तर मोठं घर तरी घ्यायचं. पुन्हा खुराडंच कशाला?"

"मोठ्या घरात ती बावरेल," बाबा माशाचे काटे काढत म्हणाले. "सवय नाही तिला."

म्हणजे होती कुणीतरी.

"आईला जन्मभर बादलीनं आंघोळ करायला लावलीत."

"हो. चुकलंच ते."

"आणि टब आता सुचतोय?"

"आता सुचतोय," बाबा म्हणाले आणि माशाचा गालाकडचा मऊ तुकडा तिच्या वाडग्यात ठेवला. तिनं तो तसाच बाजूला सारला. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

शनिवारी बाबा नवा शर्ट घालून निघाले, तशी ती मागोमाग गेली. क्वुन तोंगच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत ते शिरले. वरच्या मजल्यावर एका गाळ्याचं दार किलकिलं होतं. आतून खळीचा वास येत होता. बाबांची पाठ तेवढी दिसत होती.

"पलंग दोघांचा सांगितला होता मी."

"ते सोडून काहीही मागा, फुंगसाहेब. खिडकी दिली, टब दिला, आरसे दिले. पलंग एकाचाच होणार."

"पैसे कोण देतंय? मी ना?"

वाय-समला आता राहवेना. दार ढकलून ती आत घुसली. "कोण आहे ती बाई? आणा तिला माझ्यासमोर! आईची राख निवली नाही अजून, आणि तुम्ही पलंगावरून भांडताय?"

दोघंही वळले. त्यांच्यामधल्या टेबलावर गुडघ्याएवढं एक घर उभं होतं. बांबूच्या काड्यांचं, वरून रंगीत कागद चिकटवलेलं. खिडकीपाशी कागदाची शेगडी होती आणि पलीकडे तळहाताएवढा पांढरा टब. दारावरच्या पाटीवर आईचं नाव होतं.

बाबांनी मान खाली घातली. माक सिफूला मात्र कुणीतरी मदतीला आल्यासारखं वाटलं.

"बरं झालं आलात, ताई. तुम्हीच समजवा यांना. उद्या पितरांच्या दिवशी हे पेटवायचं, म्हणजे तिकडं आईंना पोचेल. आतल्या पलंगावर जिवंत माणसासाठी जागा ठेवली, तर तोही मागोमाग जातो."

"मग मगापासून काय सांगतोय मी?" बाबा म्हणाले. "पलंग दोघांचा कर."