चौथं घर

सहदेवनं अक्षताला दाखवलेलं हे चौथं घर. आधीची तीन घरं नव्या रंगाची, चकाचक होती, तरी तिनं नाकारली. राहती खोली रविवारी सोडायची होती, पण बाई ना पाण्याची वेळ विचारत होती, ना पार्किंगचं. नुसती भिंती बघत फिरत होती.

"ओल शोधताय का मॅडम? नाहीये. मुलुंडमध्ये या भाड्यात असं घर मिळणार नाही."

हॉलमध्ये ती थांबली. भिंतीत एक खिळा होता. तिनं तो ओढून पाहिला. पक्का होता.

सहदेव ओशाळला. "आधीच्या भाडेकरूनं ठोकलाय. अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, तरी ऐकत नाहीत लोक. उद्याच उपटून टाकतो."

"नको. मी नवा ठोकणार नाही, पण हा राहू दे. घर घेते मी."

एका खिळ्यासाठी? तो विचारणार, तोच तिनं पिशवीतून चंदनाच्या हारासकट आईचा फोटो काढला आणि खिळ्याला लावला.

सहदेवनं दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. "जरा खाली येतोय, ना?"

"येऊ दे," ती म्हणाली. "आई बुटकीच होती."