ओहोटीची वाट

उद्या आम्ही पोरांना घेऊन अलिबागचा किल्ला बघायला जाणार होतो. खोली ठरवायला हे आजच पुढे गेले होते. दुपारी मी पोशीर गावातल्या आमच्या नदीकाठच्या घरात पिशव्या भरत असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. “ओहोटीला चालतच किल्ल्यात जाता येतं गं! बघून निघालो, आता किनाऱ्याकडं चाललोय.” हातात चपला, पाणी घोट्यापर्यंत. सासूबाईंचं माहेर तिकडचं. त्यांनी फोन ओढून घेतला. “जाताना पाणी व्हतं का रं?” “नाय, कोरडं व्हतं.” “मग भरती लागलीय. मागं फिर, किल्ल्यात थांब!” हे हसले. “आई, आपल्या नदीएवढं बी नाय पाणी.” तेवढ्यात एक चप्पल हातातून निसटली. ते वाकेपर्यंत ती भर्रकन लांब गेली. पुढचं पाऊल टाकलं तर पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. त्यांनी पुढं पाहिलं, मागं पाहिलं. “आई,” ते हळूच म्हणाले, “किल्ला बी लांबच हाय.”