कुठल्या भट्टीची?

लखूच्या विधवा भावजयीचा, तुळजाचा, त्या दिवशी गुंद गावात पाट लागायचा होता. दारूबंदीचे दिवस, म्हणून नव्या नवऱ्याकडच्यांनी गोव्यातून काजूची बाटली भाताच्या पोत्यात दडवून आणली होती. बाटलीवर ना नाव ना खूण, तेव्हा ती कुठल्या भट्टीची यावर ओसरीवर पैज रंगली.

"लखूदा, तू म्हणं घोटात भट्टीवाल्याचं गोत्र सांगतोस," पाहुण्यानं डिवचलं.

लखूनं घोट घेतला आणि त्याची जीभ बधिर झाली. भट्टीच्या मडक्यात जिभेला झिणझिण्या आणणारी तिरफळं टाकायची खोड मुलखात एकट्या गुणाला होती. गुणा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, तुळजाचा नवरा. गेल्या श्रावणात तो काळी नदीत वाहून गेला असं गावानं धरलं होतं. प्रेत मात्र सापडलं नव्हतं.

"जुनी हाय काय?" लखूनं विचारलं.

"न्हाई, यंदाच्या काजूची."

लखू बसला, उठला, परत बसला. शेवटी परसात जाऊन तो कासारणीकडून हिरव्या बांगड्या भरून घेणाऱ्या तुळजाच्या कानाशी वाकला. "पोरी, गुणा जिता हाय."

 

"ठाव हाय, भावजी. बूच काढतानाच वास आला," तुळजा म्हणाली, आणि तिनं दुसरा हात कासारणीपुढं धरला.