एक हात खाली

शिवणकामाच्या त्या सहकारी कारखान्यात दोन महिन्यांपासून कापडाचे तागे गायब होत होते आणि जो तो दुसऱ्याच्या पिशवीकडे डोळे बारीक करून बघत होता. कटिंगमास्तर आत आले की कुजबुज थांबायची. आळ आपल्यावर आलाय, हे त्यांनी ओळखलं. सगळ्यांचे कान कुणी भरले, याबद्दलही त्यांना शंका नव्हती. काजं करणाऱ्या मावशींनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं.

शनिवारच्या सभेत अध्यक्षबाई म्हणाल्या, "मास्तरांना काढायचं असेल त्यांनी हात वर करा." मास्तर सोडून दहा सभासद होते. नऊ हात वर गेले. मावशींचा तेवढा मांडीवरच राहिला.

"चला, बहुमत झालं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"झालं असेल." मावशींनी उठून कपाटातली नियमावली काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "पण चौकशी केल्याशिवाय कुणाला काढता येत नाही. दहाच्या दहा हात वर गेले तरी."

अध्यक्षबाईंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि ठराव मागे घेतला.

मास्तरांना भरून आलं. त्यांनी मावशींना जिन्यातच गाठलं. "मावशी, सगळ्यांचे कान तुम्हीच भरलेत, असा मला संशय होता हो. आणि माझ्यावर विश्वास ठेवलात तो तुम्हीच!"



"विश्वास कसला, मास्तर? तक्रार मीच केलीय. पण ती खरी की खोटी, हे हात मोजून कसं कळणार?"