झाकणावरची तुळस

"टाकीचं झाकण कुठंय, सर?" मैला उपसायला आलेल्या टँकरवाल्या शिवरामने विचारलं.

सोवळं नेसलेल्या घाटपांडे सरांनी अंगणातल्या तुळशीवृंदावनाकडे बोट दाखवलं. झाकण डोळ्यांना खुपतं म्हणून त्यांनीच वृंदावन त्यावर आणून ठेवलं होतं. बारा वर्षं टाकी उपसलीच नव्हती. "आमची भरतच नाही," असं शेजाऱ्यांना ऐकवायचे. आज सकाळी मात्र सगळं न्हाणीघरात उलटून आलं.

"दर तीन वर्षांनी उपसायची असते, सर," म्हणत शिवराम वृंदावन सरकवायला वाकला.

"हात लावू नकोस!" सर ओरडले. "विटाळ होईल."

शिवरामने पाइप खाली ठेवला आणि पायरीवर बसून तंबाखू मळायला घेतली.

"बरं. मग वृंदावन तुम्हीच सरकवा आणि झाकणही तुम्हीच उचला. आतलं सगळं तुमच्याच घरचं आहे, त्याचा कसला आलाय विटाळ?"